वीतभर डावीकडं

"बघणार कोण?"

गाडीत टीव्ही बसवायला कुणीही आला, की तो पहिल्यांदा हेच विचारायचा. टीव्ही केवढा, कुठल्या कंपनीचा, ते सगळं नंतर. हातातली पकड खाली ठेवायचा, दोरीनं बांधलेला चष्मा कपाळावर सरकवायचा आणि विचारायचा, "बघणार कोण?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा कारागीर असेल. काम सांगायला जावं, तर तो उलट आपल्यालाच प्रश्न घालतो. राग येतो. मलाही यायचा. मी चौथी शिकलेला माणूस, सगळी उमर ड्रायव्हरकीत गेली, गोड बोलणं मला जमत नाही. म्हणून आधीच सांगून टाकतो, ह्या माणसाशी मी जेवढा भांडलो तेवढा सख्ख्या भावाशीही भांडलो नाही.

त्याचं पत्र्याचं शेड चौफुल्याजवळ होतं. लग्नाच्या बसा, ट्रक, जीप, टेम्पो, जे येईल त्यात टीव्ही नाहीतर टेप बसवून द्यायचा. नाव कुणी घेत नव्हतं, सगळे मिस्त्रीच म्हणायचे. काळ्या चिकटपट्टीचं बंडल मनगटात कड्यासारखं घालायचा. वायर दातानं सोलायचा, त्यानं पुढचे दोन दात झिजून निम्मे राहिले होते. काम चालू असताना चहा घ्यायचा नाही. "चित्र आल्याशिवाय चहा न्हाई." चित्र आलं की मात्र लागोपाठ दोन कप.

शेडच्या भिंतीला खिळे, आणि खिळ्यांना गाठी मारलेल्या दोऱ्या. जो बघणार त्याला त्याच्या जागेवर बसवायचं, कपाळापासून समोर दोरी ताणायची आणि टीव्ही जिथं यायचा तिथं गाठ मारायची, ही त्याची पद्धत. कुठली दोरी कुणाची, हे लिहून ठेवत नव्हता. त्याला पाठ होतं.

एकदा माझ्यासमोर एक बागायतदार ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॅक्टरवर टीव्ही पाहिजे म्हणाला.

"बघणार कोण?"

"मीच की."

"मग नांगरणार कोण?"

बागायतदार पाय आपटत गेला. मिस्त्री मला म्हणाला, "उद्या येतंय बघा माघारी. गाणी ऐकायला स्पीकर मागंल." दुसऱ्या दिवशी तसंच झालं.

आता माझ्या गाडीचं सांगतो. जुनी तेरा सीटची व्हॅन. तिच्यातनं मी किती तरी वर्षं कारखान्याचे कामगार नेले-आणले. मग बायकोच्या मणक्याचं झालं. तिचं बसणंच संपलं. मी मागच्या सगळ्या सीटा काढल्या आणि पलंग ठोकला. पंखा लावला, पाण्याची टाकी, छोटी शेगडी. शहरात अशा गाड्यांना काही तरी इंग्रजी नाव आहे म्हणतात. आमच्या वस्तीवर 'आबाची खाटगाडी' म्हणायचे. तिच्यातनं महिन्यातनं दोनदा पुण्याच्या दवाखान्यात जायचं. मी पुढं, ती मागं उताणी. ती छताकडं बघत पडायची आणि कुरकुर करायची नाही. कुरकुर केली असती तर मला बरं वाटलं असतं. म्हटलं, टीव्ही बसवावा, तेवढाच तिचा वेळ जाईल.

रिकामी गाडी घेऊन चौफुल्याला गेलो.

"बघणार कोण?"

"बायको."

"कुठं हाय?"

"घरी. तिला उठता येत न्हाई."

"मग रिकाम्या गाडीत कुणाच्या मापानं भोकं पाडू? जावा घरी. उद्या मी येतो."

घरी येईपर्यंत मी त्याला शिव्या देत होतो.

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. मोटरसायकलला पिशव्या बांधून, न्हावऱ्याच्या पुढं आमच्या वस्तीपर्यंत. आल्याबरोबर चपला काढल्या आणि गाडीत बायकोच्या पलंगावर जाऊन आडवा झाला. बराच वेळ उठेना. मला वाटलं, बाबा झोपला. मग आतनं आवाज आला, "आबा, हितनं नुसत्या तारा दिसत्यात."

खिडक्या उंच होत्या. उताण्या माणसाला आभाळ आणि विजेच्या तारा, बस. वर्षभर मी तिला नेत-आणत होतो. मी एकदाही त्या पलंगावर पडून बघितलं नव्हतं.

वस्तीवरची दोघं बोलावली आणि आम्ही चौघांनी चादरीत धरून तिला गाडीत ठेवली. त्यानं तिच्या कपाळाला दोरी लावली आणि विचारलं, "मावशी, काय बघणार? पिक्चर हाय, भजन हाय, मालिका हाय."

"रस्ता दाव."

"आं?"

"माझ्या म्हायेरचा रस्ता दाव. पिक्चर घिऊन काय करू?"

तिचं माहेर भीमेच्या पलीकडं, केडगावच्या अंगाला. तिथं तिची थोरली बहीण, तीही अंथरुणाला. दोघी फोनवर बोलायच्या, पण भेट नव्हती. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता फार दिवस धरू नका. तिला मी बोललो नव्हतो. तिनं रस्ता मागितला तेव्हा मला कळलं, तिला माहीत आहे.

मिस्त्री दाताखाली वायर धरून उभा राहिला. मग पिशवीतनं बोटाएवढा कॅमेरा काढला. गाडी मागं घेताना बघायला मागच्या बाजूला लावतात तो. त्यानं तो पुढं लावला, नंबरप्लेटच्या वर, आणि वायर आतनं टीव्हीला आणली. मला म्हणाला, "आबा, विहिरीवरची शिडी आणा."

शिडी घेऊन आलो तर टीव्ही बसलेला. माझ्या सीटमागच्या आडव्या पाइपाला. मधोमध नाही. वीतभर डावीकडं.

"मिस्त्री, वाकडा बसलाय की."

"बघणाऱ्याला बरोबर हाय का बघा."

"बरोबर हाय," बायको म्हणाली.

"अगं, सरळ डोळ्यांनी दिसतंय, वाकडा हाय!"

"तुम्हाला कुठं बघायचाय?"

दोघंही हसली. मग त्यानं बटण दाबलं आणि टीव्हीत आमच्या दारातलं लिंबाचं झाड उभं राहिलं. पानं हलत होती. बायको म्हणाली, "अगं बया." त्यानं दोन कप चहा घेतला आणि गेला.

तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. आमच्या फाट्यावर डावीकडं वळलं की भीमेचा पूल आणि तिचं माहेर. उजवीकडं वळलं की शिरूर, आणि पुढं दवाखाना. मी डावीकडं वळलो आणि मागनं बायको ओरडली.

"थांबवा गाडी! खोटारडं माणूस!"

"काय झालं?"

"मला दवाखान्यात नेताय! म्हायेर म्हणून फसवताय!"

तिचंही चूक नव्हतं. मागं एकदा मी तिला देवाला नेतो म्हणून दवाखान्यातच नेलं होतं. पण आज मी खरा होतो. म्हटलं, "शपथ घेतो, म्हायेरलाच निघालोय." ती म्हणाली, "मला दिसतंय की! फाट्यावरचा म्हसोबा उजव्या अंगाला आला! गाडी उजवीकडं वळली!" आणि तिला उमासे यायला लागले. अंग एकीकडं जायचं आणि समोरचा रस्ता दुसरीकडं पळायचा, दुसरं काय होणार?

मी गाडी कडेला घेऊन मागं गेलो. टीव्हीत म्हसोबाशेजारच्या खतांच्या दुकानाची पाटी होती. मला वाचायला आधीच वेळ लागतो. ती अक्षरं तर माझ्याकडं पाठ करून उभी होती. सगळं चित्रच उलटं. डावं ते उजवं आणि उजवं ते डावं.

फोन केला. जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. तो तासाभरात मोटरसायकल मारत आला, गाडीत चढला, टीव्ही बघितला आणि बायकोसमोर स्वतःचे कान धरले.

"मावशी, चूक माझी. मागं लावायचा कॅमेरा आरशासारखं दावतो. मी लिंबावर बघून खूश झालो. झाडाला डावं-उजवं कुठं असतं?"

बायकोनं पदरानं तोंड पुसलं. "माणसाला असतं रं बाबा. म्या सोन्यासारख्या नवऱ्याला खोटारडा म्हणले."

"सोन्यासारखा?" मी म्हणालो.

"वेळंला म्हणत्यात तसं," ती म्हणाली.

कॅमेऱ्याच्या मागं चित्र उलटं करणारा वायरचा एक बारीक फास असतो. त्यानं तो दातानं तोडला. चित्र क्षणभर गेलं आणि परत आलं. म्हसोबा आपल्या जागेवर.

"आता बरोबर," ती म्हणाली.

मी म्हणालो, "चहा घे, मिस्त्री." तो म्हणाला, "न्हाई आबा. परवाचे दोन कप फुकट पिलोय, ते आधी फिटू द्या." आणि घेतला नाही.

त्या दिवशी ती माहेरी पोचली. पुलावर म्हणाली, हळू घ्या, पाणी बघू द्या. बहिणीच्या दारात गाडी लावली, बहिणीची खाट बाहेर आणून गाडीच्या दाराला टेकवली. दोघी हात धरून पडून राहिल्या. काय बोलल्या ते मी ऐकलं नाही, मी लांब जाऊन बसलो होतो.

त्यानंतर आम्ही त्या रस्त्यानं किती तरी वेळा गेलो. पिक्चर एकदाही लावला नाही. गाडी दारात उभी असली तरी म्हणायची, बटण दाबा. मग टीव्हीत आमच्याच कोंबड्या बघायची. मी मात्र गाडीत चढलो की म्हणायचो, वाकडा बसवलाय त्या गाढवानं. ती म्हणायची, असू द्या.

मिस्त्रीनं आपल्या शेडसमोरच्या भिंतीवर चुन्यानं ढेकळाएवढ्या अक्षरात लिहून टाकलं, 'डावं' आणि 'उजवं'. नवा कॅमेरा आधी त्या भिंतीला दाखवायचा. लोक विचारायचे, हे काय? तो म्हणायचा, "एका मावशीची शाळा हाय ही."

मग ती गेली. गाडीतच गेली, पुण्याहून परत येताना. मी पुढं होतो. मला फाट्यावर आल्यावर कळलं.

तेराव्यानंतर मिस्त्री आला. बसला. मी म्हणालो, "बरं झालं आलास. गाडी विकायचीय. टीव्ही काढून ने."

बघणार कोण, असं त्यानं त्या दिवशी विचारलं नाही. हात पुढं केला. "चावी द्या."

"कशाला?"

"तुम्ही मागं झोपा. मी चालवतो."

"मला काय करायचंय झोपून?"

"आबा, एकदा झोपा."

मी झोपलो. उशीला अजून तिच्या तेलाचा वास होता. गाडी निघाली. टीव्हीत फाटा आला, डावीकडं म्हसोबा आला. ऊस, कालवा, सायकलवरचं एक म्हातारं. तीस वर्षं चालवलेला रस्ता, पण मी तो असा कधी बघितला नव्हता. चालवणारा खड्डे बघतो.

आणि मग टीव्हीच्या उजव्या कडेला, जी वीतभर जागा मोकळी राहिली होती, तिथं मला मिस्त्रीची मान दिसली. मान, एक कान, चष्म्याची दोरी आणि स्टेअरिंगवरचं कोपर. टीव्ही मधोमध असता तर ते सगळं झाकलं गेलं असतं.

मी विचारलं, "हे तू मुद्दाम ठेवलंस?"

तो पुढं बघतच म्हणाला, "मावशीनं सांगितलं. तुम्हाला शिडीला धाडलं तवा. म्हणाल्या, रस्ता दिसू दे, पण चालवणारा झाकू नको. आन् त्यांना सांगू नको म्हणाल्या. न्हाईतर सारखं मागं वळून बघतील आन् गाडी झाडावर घालतील."

पूल आला. त्यानं न सांगता गाडी हळू केली.

"चित्र आलं का, आबा?"

"आलं," मी म्हणालो. त्यानं पुलापलीकडच्या टपरीवर गाडी लावली आणि चहा सांगितला. त्यानं दोन कप घेतले. मी एक.

परवा चौफुल्याला गेलो होतो. शेड नाही. रस्ता रुंद करताना गेलं म्हणतात. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, मिस्त्री लेकीकडं गेला, कुठल्या गावाला ते सांगितलं नाही. फोन लागत नाही. खिळ्यांवरच्या दोऱ्या कुठं गेल्या, तेही कुणाला ठाऊक नाही. समोरची भिंत तेवढी उभी आहे. 'डावं' आणि 'उजवं'.

गाडी मी विकली नाही. मागच्या आठवड्यात शिरूरला वायरिंगच्या कामाला लावली, तर तिथला माणूस आत डोकावून म्हणाला, "आबा, टीव्ही वाकडा बसलाय. पाच मिनिटांत सरळ करून देतो."

मी म्हणालो, "हात लावू नको. बघणाऱ्याच्या मापानं बसवलाय."