लागायला नको तो बल्ब

माझे वडील दौंडच्या बाजूच्या चार वाड्यांचं दूध गोळा करतात आणि पिकअपनं चिलिंग सेंटरला पोचवतात, सकाळी आणि संध्याकाळी. गाडी जुनी आहे, पण बारा वर्षांत तिनं दूध कधी उशिरा पोचवलं नव्हतं. गेल्या वर्षी दसरा झाला आणि तिनं सेल घेणं सोडलं. चावी फिरवली की नुसतं कट्‌कट्. दोनदा उशीर झाला. तिसऱ्यांदा सेंटरच्या सुपरवायझरनं आवाज न चढवता सांगितलं, की आता आणखी एकदा उशीर झाला तर रूट दुसऱ्याला देईन, दूध काही थांबत नाही. वडील घरी आले, पाणी प्याले आणि जेवायला नको म्हणाले.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. बी.एस्सी., विषय फिजिक्स, तेही फर्स्ट क्लासमध्ये. कारेगावजवळच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. माझ्याकडं स्वतःचा मीटर आहे. पहिल्या वेळीच मी मीटर लावून बॅटरी गेल्याचं जाहीर केलं होतं आणि नवी बसवायला लावली होती. ती आठ दिवस छान चालली, मग तिचंही तेच. मग मी म्हटलं, बॅटरी चार्ज होत नाही, म्हणजे डायनामो गेला. वडील म्हणाले, "तुझं आईकतो, पर एकदा आप्पाला दाखवू."

आप्पा म्हणजे शिरूरचे जुने ऑटो-इलेक्ट्रिशियन. मार्केट यार्डाजवळ त्यांची पत्र्याची टपरी आहे. शाळा सातवीला सुटली, हे ते स्वतःच सांगतात. मी रजा टाकली. सकाळचं दूध पोचवून वडील घरी आले, मग आम्ही गाडी उतारावरून ढकलून चालू केली आणि न्हावऱ्यावरून शिरूरला आलो. पाचला संध्याकाळचं दूध सुरू होणार होतं.

मी आप्पांना सगळे आकडे सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि वडिलांना म्हणाले, "पाव्हणं, हेडलाईट लावा आन् सेल मारा." वडिलांनी मारला. कट्‌कट् झालं. आप्पा सेलकडं बघतच नव्हते. ते समोरच्या भिंतीवर पडलेला उजेड बघत होते. उजेड जराही उतरला नाही. बॅटरीत दम नसता तर लाईट बसली असती, म्हणजे बॅटरी ठीक आहे, असं त्यांनी मला समजावलं. मी डायनामोचं नाव काढलं. ते म्हणाले, त्याला मागनं विचारू.

मग त्यांनी खिशातून दोन वायरींचा छोटा बल्ब काढला. एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं इंजिनला. माझ्या तोंडून निघून गेलं, "आप्पा, दोन्हीकडं मायनसच आहे. लागणारच नाही."

"व्हय, लागायला नकोच," ते म्हणाले. "मारा सेल."

बल्ब लागला. मंद, तांबूस, पण लागला.

मी तीन वर्षं सर्किटच्या आकृत्या काढल्या. अर्थिंगची खूण म्हणजे एकाखाली एक तीन आडव्या रेघा. त्या कुठंही काढल्या तरी सगळीकडं सारख्याच, शून्य. रेघेखाली खरा बोल्ट असतो आणि तो बोल्ट कशाला तरी टेकलेला असावा लागतो, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. जिथं काहीच नसायला हवं तिथं बघायचं, हे आप्पांना सुचलं. परीक्षेत मार्क मिळवलेल्या मला सुचलं नाही.

आप्पा गाडीखाली सरकले. बॅटरीचा मायनस चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेला असतो; इंजिनपासून त्या चासीला येणारी अर्थिंगची पट्टी त्यांनी बोटानं चाचपली आणि बोट झटकन मागं घेतलं. पट्टी तापली होती. खालूनच त्यांनी विचारलं, "दसऱ्याला गाडी कुणी रंगवली?"

दसऱ्याला आमच्याकडं गाडी धुऊन, चासीला काळा ऑईलपेंट मारून मगच पूजा होते. दरवर्षी वडील बोल्टच्या भोवतीनं ब्रश फिरवायचे, घाईघाईनं, जागा सोडून. त्या वर्षी काम मी घेतलं होतं. पट्टी सोडवली, गंज काढला, बोल्टच्या बुडालाही दोन हात रंग दिला, वाळल्यावर पट्टी परत आवळली. नीट काम करायचं म्हणून. इंजिन आणि चासी यांच्यामध्ये मी स्वतःच्या हातानं रंगाची भिंत घातली होती. सेलला पुरेसा करंट मिळत नव्हता आणि डायनामोचाही बॅटरीपर्यंत पुरता पोचत नव्हता.

मी म्हटलं, "मी रंगवली."

आप्पा बाहेर आले. हसले नाहीत. पॉलिश पेपर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "मंग तूच खरवड. काम लई बेस केलंय, फकस्त एका जागी जास्त केलंय."

मी गाडीखाली जाऊन लोखंड पांढरं होईपर्यंत घासलं. पट्टी आवळल्यावर आप्पांनी पुन्हा बल्ब लावला. सेल एका झटक्यात फिरला, बल्ब काळाच राहिला. मग त्यांनी मला माझा मीटर लावायला सांगितला. चालू इंजिनवर बॅटरीला चौदाच्या वर व्होल्ट होते. "हां, हे तुझं यंत्र सांगतं ते बेस," ते म्हणाले. डायनामोला काही झालंच नव्हतं. माझं ऐकलं असतं तर तोही बदलून झाला असता आणि रूट तरीही गेला असता.

पाचला आम्ही पहिल्या वाडीत होतो. वडिलांनी प्रत्येक थांब्यावर लोकांना सांगितलं, "आमच्या पोरीनं गाडी आशी रंगवली, करंटला जायला वाटच ठिवली न्हाई." लोक हसले, मीही हसले. चारही वाड्यांचे कॅन भरून आम्ही वेळेच्या आधी सेंटरवर पोचलो.

परत चालू होईल न होईल म्हणून वडील कित्येक दिवस तिथं इंजिन बंद करत नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी दारातच चावी काढली आणि खिशात टाकली. सुपरवायझरनं बघितलं. "बंद केली?"

"व्हय," वडील म्हणाले. "कॅन उतरून घ्या निवांत."

त्यानं घड्याळाकडं एकदा बघितलं आणि पहिल्या कॅनचं झाकण उघडलं.