खाटेवरचे मारोतीबाबा

आमच्या चंद्रपूरच्या फ्लेक्सच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत. कापून उरलेल्या पट्ट्यांसारखे ते कोपऱ्यात साचत जातात. मी पंधरा वर्षांनी पुन्हा वेबसाइट करायला बसले तेव्हापासून तर बाप्पा, ढीगच झाला आहे.

लग्नाआधी मी नागपुरात वेबसाइट करायची. इथे आल्यावर नुसते वाढदिवसाचे बॅनर. यंदा जंगलाच्या वेशीवरच्या मोहर्लीच्या कुसुमबाई दुकानात आल्या. तलावात मासे धरणारं घर, मागे पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या, आणि वाघ पाहायला येणारे पाहुणे सगळे मोठ्या रिसॉर्टात. "ताई, वेबसाइट जमन का? या सीझनले कोणी आलं नाई, तं खोल्या बंद. मामाजीले घेऊन घुग्घुसले पोरीकडं जा लागन. बुढा तिथल्या कोळशाच्या धुळीत जगन का?"

मामाजी म्हणजे त्यांचे सासरे. मी "जमेल" म्हणून बसले.

*

नव्या सॉफ्टवेअरनं पानाचा आकार विचारला. मी सवयीनं टाकला, दहा फूट बाय चार फूट. कॉम्प्युटर हँग! माझी भागीदार सरिता शांतपणे म्हणाली, "मोबाइल चौकात टांगतेस का?"

*

लाइट जायच्या भीतीनं मी दर दोन मिनिटांनी सेव्ह करायची. सरिता म्हणाली, "अगं, आता ते आपोआप होतं."

आपोआप होतं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आमच्या घरात भांडीही आपोआपच घासली जातात, असं सगळ्यांना वाटतं.

*

पहिलं पान मी छान मोकळं ठेवलं. कुसुमबाईंनी खालीवर पाहिलं. "इतकी जागा खाली काऊन सोडली? शुभेच्छुक कुठी हायेत?"

दुसऱ्या दिवशी बावीस फोटो आले. दीर, जावा, बचत गटाच्या बाया. वेबसाइटवर असं लावत नाहीत, म्हटलं, तर म्हणाल्या, "मंग लोकं म्हणतील, या बाईले कोणीच नाई."

मी 'आमची माणसं' असं वेगळं पान केलं.

*

अंगणाच्या फोटोत कुसुमबाईंचे सासरे, मारोतीबाबा, नुसतं बनियन घालून खाटेवर बसलेले. नव्या सॉफ्टवेअरात एक क्लिक केलं की नको ते गायब होतं. मी क्लिक केलं. बाबा गेले, खाट गेली, तिथे फुलांची कुंडी आली. मी खूश.

संध्याकाळी फोन आला. "घर चांगलं दिसून राह्यलं, ताई. पण मामाजीनं फोटो पाह्यला. तवापासून जेवले नाई. म्हणतात, मी अजून मेलो नाई."

मला फार लाज वाटली. कुंडी काढली आणि बाबांचा तोच फोटो सगळ्यात वर लावला.

*

सीझन उघडला. तीन आठवडे एक फोन नाही. मी कुसुमबाईंना तोंड दाखवायचं टाळत होते. मग नाशिकच्या एका कुटुंबानं वेबसाइट पाहून शनिवारची खोली घेतली. पाहुणे संध्याकाळी येणार होते, पण सरिता आणि मी दुपारीच मोहर्लीला पोचलो.

अंगणात मारोतीबाबा खाटेवर बसले होते. तेच बनियन, फोटोतल्यासारखाच डावा पाय वर, हात गुडघ्यावर. ऊन अंगावर आलं होतं तरी हलत नव्हते. कुसुमबाई ताट घेऊन उभ्या. "मामाजी, सकाळपासून बसले हा. सावलीत या, दोन घास खाऊन घ्या."

"नाई," बाबा म्हणाले. "मी उठलो तं पाहुणा घर ओळखन कसा?"