नाण्यावरचे साल

मी आयुष्यभर भोक पडलेली नाणीच घेतली. शिरूर तालुक्यातल्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्याला लिलावातले अखंड नाणे परवडत नसे. दागिन्यासाठी भोक पाडलेल्या नाण्याकडे मोठे संग्राहक फिरकत नाहीत, म्हणून ते माझ्या आवाक्यात येई. बोली सुरू होण्यापूर्वी यादीच्या समासात पेन्सिलीने मर्यादा लिहायची आणि ती ओलांडायची नाही, हा माझा नियम. निवृत्तीनंतर दौंडला राहायला आलो, तरी तो मोडला नव्हता.

वडगाव रासाईच्या एका धनगर घरात असेच एक नाणे होते. क्षत्रप राजाचे, चांदीचे, अंगठ्याच्या नखाएवढे. पिढ्यान् पिढ्या तो त्यांचा देव होता. त्यावरच्या मुखाला ते हळद वाहत. नव्या सुनेच्या पहिल्या दसऱ्याला काळ्या दोऱ्यात ओवून तिच्या गळ्यात घालत आणि संध्याकाळी पुन्हा देवघरात ठेवत. घरातले वडीलधारे आबा मला दर दसऱ्याला जेवायला बोलावीत. एका वर्षी मी भिंग घेऊन गेलो. राजाच्या डोक्यामागचे साल झिजलेले नव्हते. त्या राजाचे ते साल मी कोणत्याही पुस्तकात पाहिलेले नव्हते. राजाचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि साल मी कागदावर सुवाच्य लिहून दिले. "जपून ठेवा," असेही बजावले.

आबांच्या मुलाने कागद जपला. तो कोरेगाव भीमाच्या कारखान्यात होता. मोटारसायकल घेताना त्याने कागदासकट नाणे पुण्याच्या एका व्यापाऱ्याला विकले. काही महिन्यांनी टपालाने लिलावाची यादी आली. छायाचित्रातले भोक मी ओळखले. खाली माझेच वाचन अक्षरशः छापले होते. पुढे दोन शब्द जास्त होते : अप्रकाशित साल.

आबांकडे नुकतीच नातसून आली होती. दसरा जवळ होता. निरोप धाडताच आबा दौंडला आले आणि आम्ही गाडीने पुण्याला गेलो.

लिलाव एका हॉटेलच्या सभागृहात होता. आबांनी सगळीकडे पाहिले.

"देव इकायला काढलाय, आन् ही मान्सं च्या पीत बसल्यात."

"आबा, हात वर करू नका. बोली धरतील."

"मग मुंडासं बी सावरायचं न्हाई व्हय?"

समासात मी एका महिन्याचे निवृत्तिवेतन लिहिले होते. भोकाच्या नाण्याला ते पुष्कळ होते. परंतु पहिल्या रांगेतल्या दोन गृहस्थांना भोकाशी कर्तव्य नव्हते. त्यांना साल हवे होते. माझी मर्यादा मिनिटभरात मागे पडली. आबांनी कमरेची पैशांची चंची सोडून माझ्या मांडीवर ठेवली.

"ह्ये बी घाला."

मी नियम मोडला. आणखी दोनदा क्रमांकाची पाटी उचलली. त्यानंतर उचलण्यासारखे काही उरले नाही. हातोडी पडली.

"हात का खाली घेतला, गुर्जी?"

"संपले, आबा."

परतीच्या गाडीत आबांनी चंची पुन्हा कमरेला बांधली. मग विचारले, "भोकाचं नाणं सोस्त असतं, तुमीच म्हनायचा. मग ह्ये कशानं चढलं?"

"सालामुळे."

"त्ये कुनी वाचलं?"

"मी."

आबांनी मान हलवली. दौंड येईपर्यंत ते खिडकीबाहेर पाहत होते.

त्या दसऱ्याला आमंत्रण येणार नाही असे मी धरून चाललो होतो. ते आले. मला नेहमीच्या जागी बसवण्यात आले. नातसुनेच्या गळ्यात नुसता काळा दोरा होता. आबांचा मुलगा वाढत होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, मीही त्याच्याकडे पाहिले नाही. जेवणे झाल्यावर ती पाया पडली आणि दोऱ्याला बोट लावून म्हणाली, "आबा म्हंत्यात, तुमाला ठावं हाय. काय लिवलं हुतं त्याच्यावर?"

राजाचे नाव सांगितले. त्याच्या बापाचे सांगितले. साल सांगितले. तिने ते पुन्हा एकदा सांगायला लावले. मी पुन्हा सांगितले. देण्यासारखे माझ्यापाशी तेवढेच होते.