कढईचं स्टिकर

विधानसभेच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी काहीतरी खरवडल्याचा आवाज आला, म्हणून बाहेर गेले. चौकात सायकली दुरुस्त करणारे दामूअण्णा ओलं फडकं आणि जुनं उलथनं घेऊन स्वतःच्याच प्रचाराचं स्टिकर काढत होते.

अण्णा आजवर तीनदा उभे राहिले आणि तिन्ही वेळा पडले. त्यांचा पक्ष इतका लहान, की त्याला कायमचं चिन्हही नाही. दर निवडणुकीला मिळेल ते घ्यायचं. एकदा शिडी मिळाली, मग टॉर्च, यंदा कढई. "या वेळी काय मिळालं हो, अण्णा?" असं गल्लीतल्या बायका विचारतात, तेव्हा ते नवं खेळणं दाखवावं तसं पत्रक पुढे करतात. दोन-तीन आठवड्यांपुरती हाती आलेली वस्तू इतक्या प्रेमाने मिरवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. जिंकलेल्यांची पोस्टरं मात्र पुढच्या निवडणुकीपर्यंत खांबांवर विटत राहतात.

"असू द्या हो," मी म्हटलं, "छान दिसतेय कढई."

"नको ताई. पुढच्या वेळी चिन्ह दुसरं असणार. हे राहिलं, तर लोक मशीनवर कढईच शोधत बसतील."

लोकांची केवढी काळजी होती त्या आवाजात! आणि मी? मतदानाच्या दिवशी ती कढई यंत्रावर कितव्या नंबरला होती, तेसुद्धा मी पाहिलं नव्हतं.

मी खाली बसले आणि स्टिकरचं दुसरं टोक भिजवायला लागले.