न उकळलेलं कापड

तुरटीचं पाणी कापडावर लावलं की ओलं असेपर्यंत दिसतं. वाळलं की गायब. कलमकारीत लाल रंग असाच येतो. जिथे लाल हवा तिथे कलमाने तुरटीचं पाणी लावायचं, मग कापड धुवायचं आणि मंजिष्ठेच्या मुळांबरोबर उकळायचं. जिथे तुरटी बसली असेल तिथे लाल उमटतो. म्हणजे काय भरलंय, कसं भरलंय, हे उकळेपर्यंत कुणालाच कळत नाही. नवीन शिकणारे तुरटीच्या पाण्यात चिमूटभर रंग टाकतात, निदान दिसावं म्हणून. माझ्या आईने कधी टाकला नाही. "मला ठाऊक असतंय की कुठं लावलंय ते," म्हणायची.

आई सोलापूरची, विणकरांच्या घरातली. माहेरी तेलुगू बोलायचे. आंध्रातल्या आत्याकडून तिने देवादिकांच्या गोष्टी कापडावर काढायचं हे काम उचललं आणि लग्न होऊन ठाकुर्लीला आली ती बांबूची कलमं आणि हिरड्याची पिशवी घेऊनच. हिरडा आणि म्हशीचं दूध यात कापड भिजवून वाळत घातलं की जो वास सुटतो, त्यावरून मजल्यावरच्या एकूण एक शेजाऱ्याशी आमचं वाजलेलं आहे. आमचं म्हणजे माझं. आई कधी भांडली नाही, ते डिपार्टमेंट माझ्याकडे.

मी शाळेत शिकवते. पोरांवर ओरडून ओरडून आवाज असा झालाय, की साधं "चहा घेणार का" विचारलं तरी माणूस दचकतो. लग्न केलं नाही. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच.

वर्तकनगरला मावशीच्या सोसायटीत छोटं देऊळ आहे. तिथल्या बायकांना मूर्तीच्या मागे लावायला पडदा हवा होता. आईला न विचारताच मी "हो, देऊ की" म्हणून मोकळी झाले. आई आधी नको म्हणाली, मग एक दिवस कापड हिरड्यात भिजवलेलं दिसलं. विषय तिने निवडला, गजेंद्रमोक्ष. तळ्यात मगरीने पाय धरलेला हत्ती, सोंड वर करून देवाला कमळ दाखवतोय आणि वरून गरुडावर बसून विष्णू धावून येतोय. गूळ आणि गंजलेलं लोखंड कुजवून केलेल्या काळ्या शाईने तिने रेघा काढल्या त्या दिवाळीच्या आसपास. काय रेघा होत्या! एक रेघ डगमगली असेल तर शपथ.

मग लाल भरायला घेतला. दहा-बारा दिवसांचं काम. होळी झाली, पाडवा झाला, आंब्याचे दिवस संपले, तरी बाई रोज दुपारी खिडकीशी बसून तुरटीच लावतायत. संपलं का विचारलं की उत्तर तयार. पाण्याचा प्रॉब्लेम आहे, धुवायला भरपूर पाणी लागतं. आभाळ आलंय, कापड वाळणार नाही. मंजिष्ठा जुनी झालीय, नवीन मागव. मी नवीन मागवली. तर म्हणे उजवी बाजू थोडी राहिलीय.

त्याच महिन्यांत आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं. ट्यूबलाइट बदल म्हणाली, बदलली, तरी तिला अंधारच. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल, सुट्टी लागली की दाखवून येऊ. सुट्टी लागली आणि संपली. एकदा तिने दुधाचं पातेलं ओट्याच्या कडेच्या बाहेर ठेवलं. अख्खं दूध जमिनीवर. "डोळे फुटलेत का तुझे?" असं बोलले मी. स्वतःच्या आईला. ती फडकं शोधत राहिली. फडकं तिच्या पायाशीच पडलेलं. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, आणि म्हणे मी बाई पोरांच्या चुका काढायचा पगार घेते.

श्रावणाच्या तोंडावर मावशीचा फोन आला. "अगं, देणार आहात की नाही? इथे बायका मला टोमणे मारतात." माझं टाळकं सटकलं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, अर्धी शाळा. जेवून आई आडवी झाली आणि मी कापड उचललं. बाथरूममध्ये पाइप लावून धुतलं. टाकीचं पाणी संपलं म्हणून सोसायटी बोंबलली तर बोंबलू दे. तांब्याच्या मोठ्या पातेल्यात मंजिष्ठा टाकली, कापड सोडलं आणि काठीने हलवत उभी राहिले. खरं सांगायचं तर मला आनंद झालेला. म्हटलं, उठेल तेव्हा तयार लाल बघेल आणि म्हणेल, बरं झालं उरकलंस.

अर्ध्या-पाऊण तासाने कापड काठीवर उचलून ओट्यावर पसरलं. आधी वाटलं, माझ्याच धुण्यात चूक झाली, तुरटी पसरली. पण पसरलेली तुरटी ढगासारखी फिकट दिसते. इथे एकेक फटकारा स्वच्छ होता, शेजारी शेजारी, सारख्या अंतराने, आईच्या हातचा. फक्त जागा चुकलेली. डावीकडे, जिथून तिने सुरुवात केलेली, तिथे सगळं बरोबर, रेघेला रेघ चिकटून. थोडं पुढे लाल अर्धं बोट बाहेर. मध्यावर विष्णूचा शेला त्याच्या खांद्यावर नव्हता, बाजूला हवेत होता, चुण्यांसकट. उजवीकडे तर हत्तीच्या अंगावर काहीच नाही आणि रिकाम्या तळ्यात लालच लाल. सोंडेतलं कमळ कोरं.

डावीकडून उजवीकडे, महिन्या-महिन्याने, माझ्या आईचे डोळे गेले होते. मी घरातच होते.

पुढे डॉक्टर म्हणाले, काचबिंदू, गेलेली नजर परत येत नाही, वेळेवर आणलं असतं तर उरलेली टिकवता आली असती. हे ते अगदी शांतपणे म्हणाले. मला त्या माणसाने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पण ते सोमवारी. त्या दुपारी मी काठी हातात धरून उभी होते आणि मागून आवाज आला. आई वासाने उठली असणार. दाराची चौकट धरून उभी होती.

"उकळलंस?"

"हो."

"कसं आलंय?"

"छान आलंय," मी म्हटलं.

"तू कधी छान म्हणतेस गं?" ती म्हणाली. मग भिंतीला हात लावत लावत ओट्यापाशी आली आणि गरम कापडाच्या कडेवर बोटं ठेवली. "कमळ तरी?"

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही. "कोरं आहे," मी म्हटलं.

"सापडलंच नाही मला ते. दोन दिवस शोधलं." असं म्हणून ती जरा हसली, चूक पकडल्यावर पोरं हसतात तशी.

मग मला रडू आवरेना. ओरडलेच मी, रडतानाही मला ओरडायलाच येतं. "अगं मग सांगायचं ना मला! तोंड शिवलेलं का तुझं? एवढे महिने!"

"सांगितलं असतं तर तू कलम काढून घेतलं असतंस."

घेतलंच असतं. त्याच दिवशी घेतलं असतं, वर चार गोष्टी सुनावल्या असत्या. ती मला चांगली ओळखते.

तिने स्टूल चाचपलं, बसली. कापडाची कडा अजून तिच्या बोटांत होती, मांडीवर लाल पाणी ठिबकत होतं, ते तिला कळलं नाही.

"थोडं थांबली असतीस की," ती म्हणाली. "उकळलं नव्हतं तोवर मी चित्र काढत होते."