मी बघितलेली फायनल

ए, तो कप खाली ठेव आधी. नाही, ठेवच. मी जे सांगणार आहे ते ऐकताना तुला ठसका लागणार, आणि शर्ट तुझा पांढरा आहे.

काल मी सायलीच्या घरी गेलो होतो. तिच्या बाबांना भेटायला, पहिल्यांदाच. तुला माहितीये, आमचं सगळं ठरलंय, फक्त बाबांचं 'हो' बाकी आहे. आणि सायलीने स्पष्ट सांगितलंय, बाबा 'नाही' म्हणाले तर ती त्यांना दुखवून पुढे जाणार नाही. म्हणजे बघ, सगळा कारभार एका दुपारीवर आलेला. आणि त्या दुपारी मी काय केलं असेल?

बास्केटबॉल.

खेळलो नाही रे. खेळलो असतो तर परवडलं असतं. बोललो.

तर सायली मला कर्जत स्टेशनवर घ्यायला आली, स्कूटीवरून. गाव त्यांचं खालापूर तालुक्यात, खोपोलीच्या अलीकडे. वाटेत तिने मला सूचना दिल्या. एक, फोन सायलेंटवर टाकून खिशात. दोन, घरी जेवताना 'बस, बस' करायचं नाही. तीन, आणि हे महत्त्वाचं, हो-ला-हो करायचं नाही.

"बाबांना माना डोलवणारी माणसं आवडत नाहीत," ती म्हणाली. "पटलं नाही तर बिनधास्त वाद घाल. पण माहिती असेल तरच."

शेवटचं वाक्य मी ऐकलं. ते पाळायचंही असतं, हे काही डोक्यात शिरलं नाही.

गावाच्या नाक्यावर एक हा एवढा फ्लेक्स लागलेला. 'महाविद्यालयाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची विभागीय स्पर्धेसाठी निवड, हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांचे फोटो, गॉगलसकट, प्रत्येकाचं डोकं टेंपोच्या चाकाएवढं. आणि ज्यांचं अभिनंदन, त्या मुली कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या. स्कूटी न थांबवता जेवढं वाचता आलं तेवढं मी वाचलं. त्या टीमबद्दल माझं ज्ञान, बाबा रे, एवढंच. सुरुवातही तिथेच आणि शेवटही तिथेच.

त्यांच्या आळीच्या तोंडाशी एका लोखंडी खांबावर एक गोल कडं होतं. मला वाटलं जुन्या डिश अँटेनाचा सांगाडा राहिलाय. हे कडं लक्षात ठेव.

बाबा म्हणजे शिडशिडीत माणूस. खोपोलीच्या एका कारखान्यात वेल्डर. बोलणं कमी, बघणं जास्त. असं बघतात की आपण शाळेत केलेली कॉपीसुद्धा आठवते. जेवण झालं. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी. मी चौथी भाकरी घेतली, सूचना क्रमांक दोन. सगळं इतकं छान चाललं होतं ना.

तेवढ्यात शेजारचे बाळूकाका आले. आले ते उंबऱ्यातूनच सुरू झाले.

"काय रं, संध्याकाळी सत्काराला येणार का नाय तू? का अजून रुसलाय?"

"येणार की," बाबा म्हणाले. "पण माझं म्हणणं तेच हाय. त्या जागेवर आपल्या पोरींचा हक्क नाय."

"नियमानं निवड झाली ना?"

"निवड झाली म्हणून हक्क झाला असं नसतं, बाळू."

"अरं, फ्लेक्स लागला! आता काय उतरवायचा काय?"

"मी कुठं म्हणतोय उतरव. मी म्हणतोय, हक्क नाय."

आता तूच विचार कर. समोर वाद. सायलीचे शब्द कानात, बिनधास्त वाद घाल. आणि मला काय वाटलं, तर हे बाबा जुन्या विचारांचे आहेत, मुली पुढे गेलेल्या ह्यांना बघवत नाहीत. मी खुर्चीत पुढे सरकलो.

"काका, राग मानू नका," मी म्हणालो, "पण मुलींना असं कमी लेखू नये."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "मी? कमी लेखलं?"

"नाही, म्हणजे, मुलांची निवड झाली असती तर कोणी विचारलं असतं का हक्क आहे की नाही? त्या मुली किती घाम गाळतात ते आपल्याला दिसत नाही."

बाळूकाकांनी मान डोलावली. मला जोर चढला.

"तुमाला काय म्हाईत त्या टीमचं?" बाबांनी शांतपणे विचारलं.

इथे, मित्रा, इथे मी म्हणू शकलो असतो, 'फ्लेक्स वाचला.' झालं असतं. सगळे हसले असते, सुपारी आली असती. पण माझं तोंड माझ्या आधी घरातून निघतं, हे तू कॉलेजपासून बघतोयस.

"मी बघितलीय ना त्यांची फायनल," मी म्हणालो.

बाळूकाकांचा हात मिशीवर होता तो तिथेच राहिला. बाबा सावरून बसले.

"अस्सं? कुठं झाली?"

"ठाण्याला."

"ठाण्याला," बाबा म्हणाले. "आणि लोक होते?"

"उभं राहायला जागा नव्हती, काका."

बाबांनी बाळूकाकांकडे बघितलं, बाळूकाकांनी छताकडे. मग बाबांनी बाहेर हाक मारली, "पल्लवी, ए पल्लवी, चहा आण गं इकडं. पाव्हण्यांनी आपली फायनल बघितलीय!"

शेजारच्या घरातून एक मुलगी ट्रे घेऊन आली. बाळूकाकांची लेक. उंचीने माझ्या खांद्याला, आणि माझा खांदा किती खाली असतो ते तुला ठाऊकच आहे. तिने कप दिला आणि तिथेच दाराला टेकली.

"सांगा ना दादा, कशी झाली?"

मग मी सांगितली. शेवटची काही सेकंदं. आपण दोन पॉइंटनी मागे. समोरच्या मुली कशा आडदांड. आणि आपली कॅप्टन कशी अर्ध्या मैदानावरून आली, एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं, आणि शिट्टी वाजता वाजता लांबूनच बॉल सोडला, तीन पॉइंटचा. बॉल रिंगवर नाचला. नाचला, नाचला आणि आत.

"बाई गं," पल्लवी म्हणाली. "आणि कॅप्टन दिसायला कशी होती?"

"उंच. ह्या दाराला डोकं लागेल अशी."

तिने वर चौकटीकडे बघितलं. "मोठी हाय ओ मग."

एव्हाना आळीतली माणसं गोळा झाली होती. कोणी ओट्यावर, कोणी खिडकीत. एक आजी काठी टेकत आली, तिला खुर्ची दिली. "मंग आपण जिकलो का रं?" तिने विचारलं. "एका पॉइंटनी, आजी," मी म्हणालो. आजीने टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचे चेहरे इतके गंभीर, इतके भक्तिभावाने भरलेले, की मला वाटलं मी आता इथला जावई झालोच.

बाबांच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात सायली उभी होती. ती दोन्ही हात फुलीसारखे एकमेकांवर धरून हलवत होती. मला वाटलं, पंचाची खूण करतेय, फाऊल वगैरे. तेवढं आमचं ट्युनिंग आहे म्हणून मी गोष्टीत एक फाऊलही टाकला. मग तिने कपाळाला हात लावला. म्हटलं, भरून आलं बिचारीला.

"संध्याकाळी विहाराच्या हॉलमध्ये सत्कार हाय पोरींचा," बाबा म्हणाले. "तिथं माईकवर सांगा हे. जसंच्या तसं. सांगाल ना?"

"तुम्ही म्हणाल तर, काका."

सायली मला एकटं गाठणार तेवढ्यात तिच्या आईंनी तिला हारांच्या पिशव्या घेऊन हॉलवर पिटाळलं. आणि फोन? सायलेंटवर, खिशात. सूचना क्रमांक एक. नंतर उघडून बघितलं तर मेसेजचा ढीग. 'गप'. 'अरे गप बस'. 'तुला देवाची शपथ गप'.

संध्याकाळी हॉल गच्च. मला स्टेजवर बोलावलं. बाबांनी स्वतःच्या हाताने माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. स्वतःच्या हाताने! मुली जर्सी घालून ओळीने उभ्या होत्या. ओळीत पहिलीच ती चहावाली पल्लवी. म्हटलं, अरे वा, ही पण टीममध्ये? राखीव असेल.

माईक हातात आला आणि मी सुटलो. दुपारी दोन पॉइंटनी मागे होतो ते आता पाच केले. कॅप्टनच्या पायात गोळा आणला. हॉल खदखदत होता, मला वाटलं रंगलाय. मी थांबलो तर टाळ्या संपेनात.

मग निवेदक म्हणाला, "आता दोन शब्द बोलेल आपल्या संघाची कॅप्टन, पल्लवी."

माझ्या खांद्याएवढी पल्लवी पुढे आली. माईक खाली ओढून घेतला.

"दादांनी सांगितली ती मॅच लई भारी होती," ती म्हणाली. "मला पण बघायला आवडली असती. कारण आमची फायनल झालीच नाय."

मित्रा, नारळ हातातून पडता पडता राहिला.

"समोरची टीम पेणवरून यायची होती," ती पुढे म्हणाली. "त्यांची गाडी वाटेत बंद पडली. आमी आपल्याच ग्राउंडवर बूट बांधून बसलो. पंचांनी शिट्टी मारली, आमाला पुढे चाल दिली. आमी बॉलला हात पण लावला नाय."

म्हणजे आख्ख्या आळीला माहीत होतं. बाबांना, बाळूकाकांना. 'जिकलो का रं' विचारणाऱ्या आजीला! एकाच्याही मिशीखाली हसू नाही, दुपारभर.

हॉल हसून लोळत होता, पण पल्लवी हसत नव्हती. तिने हात वर केला.

"आमच्या शेजारचे काका रोज बोलतात, न खेळता मिळालेली जागा आपली नाय. माझे पप्पा बोलतात, नियम हाय. मला झोपताना दोघांचं पटायचं. पण दुपारी दादा त्या शेवटच्या बॉलचं सांगत होते ना, तेव्हा मला लई वाईट वाटलं. ती मॅच मला पायजे होती. म्हणून आमी सगळ्यांनी सरांना विचारलं आणि पेणच्या मुलींना फोन केला. रविवारी त्या आपल्याकडं येतायत. जिंकल्या तर आमी नाव मागं घेणार."

पहिली टाळी कोणी वाजवली सांग? बाबांनी. मग बाळूकाकांनी, "कार्टी फ्लेक्स उतरवणार माझा," असं म्हणत, डोळे पुसत. मग सगळ्यांनी. आणि मी मधोमध उभा, अंगावर शाल, हातात नारळ, सत्कारमूर्ती.

परतताना आळीच्या तोंडाशी बाबा त्या खांबापाशी थांबले. ते कडं आठवतंय ना? ती बास्केट होती. बाबांनी स्वतः वेल्डिंग करून लावलेली, पल्लवी शाळेत होती तेव्हा. आणि ह्या माणसाला मी सांगितलं होतं, मुलींना कमी लेखू नका.

"सॉरी, काका," मी म्हणालो.

"बोलता चांगलं तुमी," बाबा म्हणाले. "बघता कमी." मग म्हणाले, "सायलीसाठी मी बरीच स्थळं आणली. तिनं एक पण बघितलं नाय. म्हणजे तुमच्या समोर टीमच आली नाय, पाव्हणं. तुमाला पुढे चाल हाय."

"म्हणजे... हो?"

"म्हणजे आत आलात. हक्क हाय का नाय, ते खेळल्यावर कळंल." आणि पहिल्यांदाच हसले. "रविवारी मॅच हाय. येताय ना बघायला?"

सायली त्यांच्या मागे उभी होती, हात जोडून. फक्त 'हो' म्हणायचं होतं रे. एक अक्षर. आणि मी काय म्हणालो?

"येणार ना, काका. पहिली फायनल चुकवली नाही, ही कशी चुकवेन?"

बाबांनी माझ्या खांद्यावरची शाल काढली, व्यवस्थित घडी घातली आणि काखेत मारली. "ही रविवारी देऊ," म्हणाले. "मॅच बघितल्यावर."

नारळ तेवढा माझ्या हातात राहिला. हा बघ, बॅगेत आहे अजून. आता ह्याचा अर्थ काय लावायचा ते नंतर बघू. आधी मला सांग, खरं सांग, माझ्या जागी तू असतास तर काय केलं असतंस?