दवंडी आजाचा शब्द

गाव ज्याला दवंडी आजा म्हणे, तो म्हातारा स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय कशाचीच दवंडी देत नसे. सरपंचाने निरोप धाडला तरी त्याच्या दारात जाऊन उभा राही. "तुमच्या तोंडून आयकू द्या, मंग वाजवतो." म्हणूनच गोंडपिपरीपलीकडच्या त्या जंगलातल्या गावात त्याचे डफडे वाजले की माणसे हातातले काम टाकून बाहेर येत. रेशन आले असो की वाघ दिसला असो, आजाने सांगितले म्हणजे ते खरेच असे.

त्याची सर्वांत लाडकी दवंडी बांबूची. पोळा झाला, पाणी जरा उतरले की घरटी एक बांबू येई आणि सारे गाव मिळून नाल्यावर पूल बांधी. जो बांबू आणत नसे त्याचे नाव आजा भर चौकात घेई. "देवाजीच्या घरी बांबू अजून उगवून राह्यला हो!" हसणे थांबायच्या आत देवाजी बांबू ओढत हजर.

मी तेव्हा वर्तमानपत्राची नोकरी सोडून यूट्यूबवर बातम्यांचे चॅनल काढले होते. मोबाईलने राजकारण हलवता येते, यावर माझा मनापासून विश्वास होता. त्या डगमगत्या पुलावरून शाळेत जाणाऱ्या मुलींचा व्हिडिओ मी टाकला. तो इतका फिरला की एक मोठे नेते थेट नाल्याकाठी आले आणि माझ्या कॅमेऱ्यासमोर म्हणाले, पुढच्या पावसाळ्याआधी इथे पक्का पूल होईल.

या नव्या व्हिडिओच्या शेवटी मला दवंडीचे दृश्य हवे होते. आजा मात्र डफडे काखेत धरून उभाच.

"मी त मांगं होतो, भाऊ. टाळ्यायनं काई आयकू आलं नाई."

मी नेत्यांचे बोलणे मोबाईलवर लावून त्याच्या कानाशी धरले. त्याने ते पुन्हा लावायला सांगितले.

"हा त्याईचाच आवाज होय ना?"

"त्यांचाच. लाखो लोक ऐकणार आहेत, आजा."

"एवढ्या लोकायसमोर मानूस खोटं नाई बोलनार," तो म्हणाला, आणि त्याने डफड्यावर काडी मारली. "पक्का पूल येऊन राह्यला हो! पुढच्या साली बांबू आनाचा नाई हो!"

पुढच्या साली कोणी बांबू आणला नाही. पूलही आला नाही. धान कापणीला आले तरी नाल्यावर काहीच नव्हते. तापाने फणफणलेल्या नातवाला खांद्यावर घेऊन रुखमाबाई कमरेएवढ्या पाण्यातून गेली. परत आल्यावर ओल्या लुगड्यानेच आजाच्या दारात उभी राहिली. "कुठी हाय गा तुमचा पूल? मोबाईलमंदी?"

मी त्यावरही व्हिडिओ केला. तो कोणी पाहिला नाही.

आजाने उशिरा का होईना, बांबूची दवंडी दिली. निम्मी घरे आलीच नाहीत. देवाजीने दारातून पाहिले आणि तो आत गेला. मी भेटायला गेलो तेव्हा आजाने चहा दिला, पुलाचे नावही काढले नाही. निघताना एवढेच म्हणाला, "डफडं तेच हाय, भाऊ. आता निसता चामड्याचा आवाज येते."

त्याच हिवाळ्यात वरोऱ्याच्या एका कॉलेजात 'समाजमाध्यमे आणि परिवर्तन' या विषयावर माझे भाषण होते. मी नेत्यांच्या आश्वासनाचा तोच व्हिडिओ दाखवला आणि दवंडीपाशी थांबवला. टाळ्या पडल्या. पुढचे मी सांगितले नाही.

आजा गेला. त्यानंतर तो व्हिडिओ मी काढून टाकला, पण तोवर तो माझा उरला नव्हता. दर पावसाळ्यात कोणीतरी त्याला नवी बातमी म्हणून पुढे ढकलतो. खाली लोक अंगठे देतात, 'जास्तीत जास्त शेअर करा' म्हणतात.

परवा नाल्याच्या वरच्या अंगाच्या एका गावातून फोन आला. तिथेही दरवर्षी बांबूचाच पूल बांधतात. आजा गेल्याचे त्या माणसाला ठाऊक नव्हते.

"भाऊ, औंदा बांबू तोडाचा का नाई? मोबाईलवर आजा त नाई म्हनून राह्यले."

"तोडा," मी म्हणालो. "ते खोटं आहे."



"पन आजा खोटं नाई बोलत, भाऊ."